कोरडी चकती

पाइमिनइतका तुसडा माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि डोळे मिटून जीव सोपवावा असाही दुसरा नव्हता. त्याच्या तुसडेपणाचा प्रसाद मी बावीस वर्षं खाल्ला आहे, तेव्हा हे बोलायचा मला हक्क आहे.

मी जुमादी. माझी उघडी पिकअप आहे. लावू डोंगराच्या कुशीत आमचं गाव, वर चहाचे मळे, आणि मळ्यांच्या माथ्यापासून थेट गावाच्या वेशीपर्यंत सायकलींसाठी खोदलेली उतरणीची वाट. शनिवार-रविवारी सोलो, सेमारांग अशा शहरांतली पोरं येतात. स्वतःच्या पायांनी चढायचं नाही. बारा-बारा सायकली माझ्या गाडीत उभ्या करून वर जायचं आणि मग दगडधोंड्यांवरून जीव खाऊन खाली यायचं, याला ती खेळ म्हणतात. मी काही बोलत नाही. माझं पोट त्यावर चालतं.

वाट जिथे संपते तिथे फणसाखाली पाइमिनची पत्र्याची शेड. पूर्वी तो मोटारसायकली दुरुस्त करायचा. वाट खोदली गेली, पोरं मोडक्या सायकली घेऊन याच्या दारात यायला लागली, तसा हा शिकला. शिकला म्हणजे एकेक भाग उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून. पहिल्याच वर्षी त्याने सवयीने एका सायकलीच्या ब्रेकमध्ये मोटारसायकलचं ब्रेक ऑइल भरलं. आतली रबरं फुगली आणि ब्रेक गेला. नशीब, तो पोरगा सपाटीवर होता. तेव्हापासून पाइमिनने लेबल वाचल्याशिवाय कुठलीच बाटली उघडली नाही, घरातली सोया सॉसची सुद्धा. हे त्याची बायकोच सांगायची, ती होती तोवर.

शेडमध्ये दोन खिळे होते. एकावर काळा फडका, चेनच्या तेलाचा. दुसऱ्यावर पांढरा, फक्त ब्रेकच्या चकत्यांसाठी, स्पिरिटमध्ये भिजवायचा. दोघांत चार हातांचं अंतर. काळ्याला हात लावला, की साबणाने हात धुतल्याशिवाय पांढऱ्याकडे बघायचंही नाही. चाकाच्या मधोमध ती पोलादी चकती असते ना, भोकाभोकांची, तिला दोन पॅड चिमटीत धरतात आणि सायकल थांबते. तिला तेलाचा थेंब लागला की चिमटी निसटते. "चकती कोरडी पाहिजे," तो म्हणायचा, "बोटाचा घाम लागला तरी ब्रेक कच खातो." मी एकदा गंमत म्हणून चकतीवर बोट टेकवलं, तर त्याने पाना फेकून मारला. लागला नाही, पण नेम त्याने मुद्दाम चुकवला असेल असं मला वाटत नाही.

गिऱ्हाइकांशी बोलणं असंच. एकदा सोलोचा एक पोरगा आला. नवीकोरी सायकल, सोनेरी चेन, कार्बनचं हँडल.

"कांग, अजून काय लावू हिला?"

कांग म्हणजे दादा. पाइमिनला सगळे तेच म्हणायचे. त्याने सायकलकडे बघितलंच नाही. पोराचं हेल्मेट हातात घेतलं आणि आतून अंगठा फिरवला. "हे कितीदा आपटलंय?"

"एकदाच. तेही फार जोरात नाही."

"डोकं दुखलं होतं?"

"थोडंसं. दोन दिवस."

"मग हे मेलं."

"कांग, बाहेरून एक चरा नाही त्याला!"

"बाहेरून तूही शहाणा दिसतोस." पाइमिनने हेल्मेट मागे ठेवून दिलं. "आधी हेल्मेट घे. मग चांगले ब्रेक. मग टायर. मग गुडघ्याचे पॅड. एवढं करून काही उरलं तर सोनेरी चेन घाल, नाहीतर गळ्यात घाल. आणि टायरात हवा किती भरलीयस? दगडावर दगड आपटतोयस, मग पकड कुठून मिळणार?"

ते हेल्मेट परत मिळालं नाही. शेडच्या मागे अशा मेलेल्या हेल्मेटांची रांग होती आणि त्यात पाइमिनने मिरच्या लावल्या होत्या. गावातली निम्मी घरं सांबलची चटणी वाटायला त्याच मिरच्या नेत.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तो प्रत्येक सायकल स्वतः तपासायचा. फोर्कची सीलं, चेनची ढिलाई, चाकाचे नट, ब्रेक. सगळं मनासारखं झालं की हँडलवर खडूने एक रेघ मारायचा. रेघ असली तरच मी सायकल गाडीत चढवायचो. हा आमच्या दोघांतला नेम होता. पोरं त्या रेघेला देव मानायची.

त्याची एकुलती एक मुलगी वेनिंग. एकोणीस वर्षांची, बोलायला कमी आणि उतारावर सगळ्यांच्या पुढे. आई गेल्यापासून ती शेडमध्येच वाढली. त्या वर्षी प्रांताच्या संघासाठी निवड व्हायची होती, आणि ती एकाच स्पर्धेवरून ठरणार होती. शहरातल्या आयोजकांनी तारीख काढली ती नेमकी सुरो महिन्यातली.

सुरोत आमच्याकडे लग्न लावत नाहीत, घर बदलत नाहीत, कोणी लांबच्या प्रवासाला निघत नाही. हा महिना घरातल्या जुन्या शस्त्रांना न्हाऊ घालायचा. आणि ते काम गावात करायचे पाइमिनचे वडील, म्बा कार्सो. म्बा म्हणजे आजोबा, पण ते सगळ्या गावाचेच म्बा होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काठीसारखे सडपातळ. लोक आपापल्या घरातल्या क्रिस, म्हणजे नागमोडी पात्याच्या कट्यारी, त्यांच्याकडे आणून द्यायचे. म्बा पात्याला लिंबू चोळायचे, फुलांच्या पाण्याने धुवायचे, कोरडं करायचे आणि मग बोटाच्या टोकाने त्यावर चंदन-मोगऱ्याचं तेल फिरवायचे. धुतलेलं पोलाद तेलाशिवाय ठेवणं म्हणजे न्हालेलं लेकरू ओलं झोपवणं, असं त्यांचं म्हणणं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घराच्या ओट्यावर कॉफी पीत बसलो होतो.

"सुरोत उतारावर जाणार तू?" म्बांनी नातीला विचारलं.

"तारीख मी काढते का, म्बा?"

"मग यंदा राहू दे."

"वर्षभर थांबलेय मी! यंदा नाही तर मग काय लोणचं घालू त्या सायकलचं?"

म्बा हसले नाहीत. त्यांनी भिंतीला टेकलेल्या सायकलकडे बराच वेळ पाहिलं. पाइमिनने तिच्या हँडलवर नुकतीच रेघ मारली होती. "हिचं तरी सगळं नीट केलंस ना, मिन?" त्यांनी मुलाला विचारलं.

"केलं, बापाक," पाइमिन म्हणाला. बापाक म्हणजे बाबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी सायकल न्यायला गेलो. धुकं होतं. वेनिंग आत पॅड बांधत होती, पाइमिन आधीच खाली शर्यत संपते तिथे गेला होता. सायकल ओट्यावर उभी होती आणि नुसती चमकत होती. हँडलवर रेघ होती. मी उचलली, तर चंदन-मोगऱ्याचा वास आला. तारांत केनांगा फुलाची एक पिवळी पाकळी अडकली होती. सुरोत सगळ्या गावाला तोच वास येतो, माझ्या बायकोच्या स्वयंपाकघराला सुद्धा. मी पाकळी नखाने उडवली आणि सायकल गाडीत चढवली.

ती पाकळी मला आजही सोडत नाही. बावीस वर्षं पाइमिनचं बोलणं ऐकलेला मी, मला कळायला हवं होतं.

वर माथ्यावर वेनिंगने दोन्ही ब्रेक दाबून बघितले. दांड्या टणक लागल्या. आत तेल बरोबर भरलेलं असलं की दांडी टणकच लागते, चकती कशीही असो. दोन पावलं ढकलून दाबलं तेव्हा चाक जरा घसरलं आणि कुई करून ओरडलं. ती म्हणाली, "धुक्याने ओले झालेत. तापले की धरतील." तिचं काही चुकलं नव्हतं. ओले ब्रेक तसेच करतात.

तिसऱ्या वळणावर ते धरले नाहीत. बघणारे म्हणाले, ती वळणाच्या कितीतरी आधीपासून दोन्ही ब्रेक आवळून होती, पण सायकल मुळी ऐकतच नव्हती. बांबूचं कुंपण तोडून ती खालच्या दगडी नाल्यात गेली. मांडीचं हाड मोडलं, हासळीचं मोडलं. हेल्मेटचे दोन तुकडे झाले, आत डोकं शाबूत राहिलं. पाइमिन खालून वर त्या चढावरून धावत आला आणि थेट नाल्यात उतरला. मी त्या दोघांना गाडीत घालून खाली नेलं.

दुपारी इस्पितळातून परतल्यावर त्याने मोडकी सायकल स्टँडवर चढवली. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. ज्या माणसाने मला बोट टेकवलं म्हणून पाना मारला होता, त्याने चकतीवर सगळा अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला. मग दुसऱ्या चकतीवर. मग तो खाली स्टुलावर बसला.

"कांग," मी म्हणालो, "हा तर म्बांच्या…"

"जुमादी, तोंड बंद."

"सकाळी मलाही वास आला होता रे. मला वाटलं…"

"तोंड बंद म्हटलं ना!"

पांढरा फडका घेऊन तो चकत्या पुसायला लागला. फडका पिवळा होत गेला. दोन्ही बाजू, एकेका भोकाच्या कडा, सगळीकडे हात फिरला होता. किती मायेने फिरला होता ते त्या फडक्यावर दिसत होतं. पहाटे कधीतरी उठून म्हाताऱ्याने नातीच्या सायकलला न्हाऊ घातलं होतं, आणि त्यातलं सगळ्यात सुंदर पोलाद त्याला चकत्यांचं दिसलं होतं.

"त्यांना सांगायचं नाही," पाइमिन म्हणाला. "त्यांच्या हाताने पोरीची मांडी मोडली हे कळलं, तर म्हातारा महिनाभर जगायचा नाही."

"आणि लोक तुला विचारतील ते?"

"मी आहे ना सांगायला."

संध्याकाळी आयोजक आले, दहा-पंधरा पोरं आली, म्बाही काठी टेकत आले. पाइमिन सगळ्यांसमोर उभा राहिला. "चूक माझी," तो म्हणाला. "शेवटचा हात मारताना काळा फडका उचलला. चकतीला तेल लागलं."

मला तर तिथेच ओरडावंसं वाटत होतं. बावीस वर्षांत ज्या एका चुकीवरून त्याने सगळ्यांची सालटी काढली, तीच चूक तो आपल्या अंगावर घेत होता. म्बा पुढे आले.

"पोलादाला हात लावायचा तर मन जागेवर लागतं, मिन. लहानपणापासून हेच शिकवलं तुला. स्वतःच्या पोरीच्या वेळी विसरलास?"

"हो, बापाक."

"लाज वाटायला पाहिजे."

"हो, बापाक."

त्यानंतरचे महिने वाईट गेले. आमच्याकडे तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. कोणी येऊन भांडला असता तर बरं, पाइमिन त्याला पुरून उरला असता. पण पोरं हसून हात जोडायची, "कांग, तब्येत कशी?" विचारायची आणि म्हणायची, "या खेपेला शहरातच करून घेतली दुरुस्ती, सहज तिकडे गेलो होतो." सगळीच सहज तिकडे जाऊन आलेली असायची. जी एक-दोन येत, त्यांच्या सायकलींवर तो रेघ मारायचा. एकदा त्यातल्या एकाने जरा आडोशाला जाऊन चकत्या स्वतः पुन्हा पुसल्या. पाइमिनने ते पाहिलं. त्या दिवसापासून त्याने रेघ मारायचं सोडलं.

तो मोटारसायकलींची पंक्चरं काढायला लागला. मला राग यायचा, त्याचा आणि सगळ्यांचाच. "सांगून टाक एकदा," मी म्हणायचो. "निदान पोरीला तरी सांग!"

"तिला सांगितलं तर ती म्हाताऱ्याकडे बघेल. ती न बोलता नुसती बघेल ना, तरी त्याला कळेल."

वेनिंग खाटेवर होती. संघ तिच्याविना गेला. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने बापाला विचारलं होतं. मी दाराशी भाजीची पिशवी घेऊन उभा होतो.

"सात वर्षांची असल्यापासून तुम्ही मला चकतीला बोट लावू दिलं नाहीत, बापाक."

"हो."

"मग असं कसं झालं?"

"चुकलो."

"बस? चुकलो?"

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची, पाणी द्या, उशी सरकवा एवढंच. आजोबांशी मात्र ती गप्पा मारायची. कुबडीवर चालायला लागल्यावर ती दोघं दिवसभर ओट्यावर बसलेली दिसायची.

चौथ्या महिन्यात एका दुपारी मी गाडी फणसाच्या सावलीला लावून डुलकी काढत होतो. शेजारचं दार उघडलं आणि म्बा आत येऊन बसले. काठी गुडघ्यांत धरली.

"जुमादी, त्या चाकाच्या चकतीला कुठलं तेल लावतात?"

माझी झोप उडाली. "मी ड्रायव्हर, म्बा. मला काय त्यातलं कळतं?"

"वेनिंग सांगत होती, कुठलंच नाही. बोटाचा घामसुद्धा चालत नाही म्हणे."

मी समोरच्या काचेकडे बघत राहिलो.

"मी पहाटे दोन्ही चकत्यांना लावलं होतं," ते म्हणाले. "जास्तच लावलं. सुरोत पोर उतारावर चाललीय, म्हटलं काही कमी राहायला नको. मिन काळ्या फडक्याचं बोलला तेव्हा वाटलं, घात त्या तेलाने केला, माझ्या नव्हे. सायकल तूच नेलीस ना वर? वास आला होता?"

खोटं बोलायचं असतं तर ते तेव्हाच. पण माझ्याने होईना. "आला होता, म्बा."

"मिनला ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

रस्त्यावरून चहाची पोती घेऊन बायका गेल्या, त्यांनी म्बांना हाक मारली, तीही त्यांना ऐकू गेली नाही. मग ते म्हणाले, "मी त्याला सगळ्यांसमोर लाज वाटायला पाहिजे म्हणालो."

"हो, म्हणालात!" माझा राग उसळला. "आता सगळ्यांसमोरच जा आणि खरं सांगा. चार महिने माणूस पंक्चरं काढतोय. त्याची पोर त्याच्याशी बोलत नाही."

"सांगितलं तर लोक काय म्हणतील? म्हातारा आहे, चुकला बिचारा. मला कोणी काही म्हणणार नाही. पण मिनला कळेल, की मला कळलंय. मला कळू नये म्हणून तर त्याने एवढं सोसलं. ते मी एका वाक्यात मातीत घालू?" त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "त्याला बोलू नकोस, मला ठाऊक आहे म्हणून. शपथ घे."

दोघा बापलेकांनी मिळून माझ्या गळ्यात दोन शपथा बांधल्या होत्या. मी चिडून गाडी सुरू केली, जायचं कुठेच नव्हतं तरी.

त्या रविवारी शेडसमोर वीस-पंचवीस पोरं जमली होती, माझ्या फेरीची वाट बघत. म्बा आले. धुतलेला सदरा, डोक्यावर काळी टोपी.

"मिन, वेनिंगची सायकल खाली काढ."

ती आढ्याला टांगलेली होती. पाइमिनने तिचं वाकलेलं चाक बदललं होतं, पण त्या दिवसापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. "कशाला, बापाक?"

"मला बसायचंय."

पोरं हसली. वेनिंग कुबडीवर दाराशी आली होती, तीही हसली.

"बापाक, थट्टा नको."

"चाळीस वर्षं बाजाराला सायकलनेच गेलोय मी. वर चहा तोलतात त्या वजनकाट्याच्या शेडपासून खाली येणार, डांबरी रस्त्याने. ब्रेक बघून दे."

वजनकाट्याचा उतार काही कमी नाही. माझी गाडी तिथे रडते. पण एवढ्या लोकांसमोर बापाला नाही म्हणणं पाइमिनला शक्य नव्हतं. त्याने सायकल स्टँडवर घेतली. तेल प्यालेले जुने पॅड फेकून नवे घातले, चकत्या पॉलिशपेपरने घासल्या, स्पिरिटने पुसल्या, पुन्हा पुसल्या. म्बा शेजारी स्टुलावर बसले होते, दोन्ही हात पाठीमागे, बोटं एकमेकांत गुंतवून.

एक छोटा स्क्रू पाइमिनच्या हातून निसटून चकतीच्या कडेला अडकला. तो म्बांच्या अगदी पुढ्यात होता. ते वाकले, उजवा हात अर्ध्यावर आला, आणि त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"नाही," ते हळूच म्हणाले. "मी हात लावत नाही."

पाइमिनचा हात थांबला. त्याने वर बघितलं. म्बांनी मान खाली घातली. तेवढ्याने पाइमिनला कळलं, की म्हाताऱ्याला सगळं कळलं आहे. पोरांना काही समजलं नाही, वेनिंगलाही नाही. पाइमिन स्क्रू उचलायला गेला तर तो त्याच्या चिमटीत येईना, तीन वेळा निसटला.

"रेघ मार," म्बा म्हणाले.

"मी मारत नाही आता."

"मार, मिन."

त्याने मारली. वाकडीतिकडी आली. मग त्याने दुकानातलं सगळ्यात जाड हेल्मेट बापाच्या डोक्यावर चढवलं, पट्टा स्वतः बांधला, गुडघ्याला, कोपराला पॅड बांधले, सीट खाली केली. पोरं आता हसत नव्हती.

वर जाताना म्बा माझ्या शेजारी त्या हेल्मेटात बसले होते. "जुमादी, भीती वाटते रे," ते म्हणाले.

"मग वळवू गाडी?"

"नको. ती खाली बसलीय, बघतेय."

सायकलवर बसताना मी त्यांना धरलं. मग त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. मी मागोमाग गाडीतून निघालो, आणि बावीस वर्षांत मी असा घाबरलो नव्हतो. पहिल्या वळणावर ते डगमगले, ब्रेक दाबला, सावरले. चकत्या बारीक आवाजात गात होत्या, कोरड्या. दुसऱ्या वळणानंतर शेडपर्यंत सरळ उतार आहे. खाली सगळे रस्त्याच्या कडेला उभे होते. म्हाताऱ्याने तिथे ब्रेक सोडून दिला.

मी हॉर्न वाजवत सुटलो. सायकलने वेग घेतला, त्यांचा सदरा पाठीवर फुगला. पाइमिन रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून, आणि ओरडला, "बापाक, धरा! धरा!"

म्बांनी दोन्ही दांड्या आवळल्या. मागचं चाक जरा उचललं, खाली टेकलं, आणि सायकल पाइमिनपासून दोन हातांवर जागच्या जागी उभी राहिली.

हेल्मेटच्या आतून आवाज आला, "थांबली." मग मोठ्याने, सगळ्यांकडे वळून, "बघितलंत ना? थांबली! माझ्या पोराच्या हातचा ब्रेक आहे."

ते उतरायला गेले, पण हात सुटेनात. मुठी ब्रेकच्या दांड्यांवर आवळून बसल्या होत्या, बोटं पांढरी पडली होती. वेनिंग कुबडी टेकत आली आणि तिने हँडल धरलं. तिने आजोबांच्या मुठींकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं. या खेपेला तिने तोंड फिरवलं नाही.

पाइमिन बापाची बोटं एकेक करून सोडवायला लागला. आधी डावा हात, मग उजवा. शेवटचं बोट सुटलं तेव्हा त्याने तो हात दोन्ही हातांत घेऊन आपल्या कपाळाला लावला, आम्ही ईदला मोठ्यांचा लावतो तसा, आणि त्याला रडू फुटलं. म्बांनी हात काढून घेतला नाही.